बारावी गाडी : पेट्रोलवाल्यांच्या ग्रुपमधली एक इलेक्ट्रिक मोटरसायकल

त्या रविवारी घाटाच्या पायथ्याशी आमच्या अकरा गाड्यांची इंजिनं एकामागून एक थांबली. बारावी गाडी चालू आहे की बंद, हे कोणालाच कळलं नाही. तिच्या मीटरवर ११ टक्के चार्ज दिसत होता आणि पुढे १६ किलोमीटरचा चढ होता. मी त्या दिवशीचा रोड कॅप्टन. गाडी स्टँडवर लावून वळलो, तोच मागून कोणीतरी म्हणालं, "आता या खेळण्याला चावी द्या." दोघे-तिघे हसले. ज्याची गाडी होती तो हेल्मेट न काढता तसाच उभा राहिला.

पुढचे दोन महिने आमचा ग्रुप फुटायच्या बेतात होता. त्या दिवसाची नोंद मी तेव्हाच करून ठेवली होती. जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसांमध्ये इलेक्ट्रिक गाडी घेऊन कोणी आलं की नेमकं काय बिघडतं आणि त्यातलं काय दुरुस्त करता येतं, हे आम्हाला त्या एका प्रकरणातून समजलं.

बारावी गाडी ज्याची, तो गेली अठरा वर्षं आमच्याबरोबर फिरतो. त्याच्याकडे जुनी ट्विन सिलिंडर गाडी होती, तिचं इंजिन त्याने स्वतः दोनदा उघडून बांधलं होतं. मग डाव्या मनगटात नस दबली. तासभर क्लच दाबला की बोटं बधिर व्हायची. डॉक्टरांनी क्लचची गाडी बंद करायला सांगितली. क्लच नको असलेल्या मोटरसायकली आज मिळतात, त्यांतली एक इलेक्ट्रिक त्याने घेतली. जुनी गाडी विकताना त्याच्या घरी मी होतो, त्यामुळे मला हे ठाऊक होतं. त्याने मात्र ग्रुपमध्ये कोणाला सांगितलं नाही. दया नको होती त्याला. बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हा नव्या फॅशनच्या मागे लागला आहे.

बॅटरी कुठे गेली

राइडचा आराखडा मीच आखला होता, नेहमीसारखा. सरळ रस्ता ११२ किलोमीटर, मग घाट, वर तासाभराचा थांबा आणि त्याच वाटेने परत. सरळ रस्त्यावर आमचा वेग ताशी ११० च्या आसपास असतो. पेट्रोलवाल्याला या आराखड्यात विचार करण्यासारखं काही नाही. टाकी फुल केली की संपलं.

त्याच्या गाडीची बॅटरी १४.४ किलोवॉट-तासांची, म्हणजे तितक्या युनिटची, त्यातली साडेबाराच्या आसपास प्रत्यक्ष वापरता येते. माहितीपत्रकात शहरी रेंज दोनशे किलोमीटरच्या वर होती आणि मी डोक्यात तोच आकडा धरून चाललो. ही पहिली चूक, आणि ती माझी.

ग्रुपमध्ये सगळ्यांनी गृहीत धरलं की घाट बघून बॅटरीने हात टेकले. घरी आल्यावर मी वही घेऊन बसलो. गाडी आणि माणूस मिळून ३०० किलो वजन ९०० मीटर उंच चढवायला पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी ऊर्जा लागते. मोटरमधलं नुकसान धरलं तरी ०.८५ ते ०.९ युनिट. म्हणजे तेवढा चढ चढणं आणि ताशी ११० ने नऊ-दहा किलोमीटर सपाटीवर पळवणं हे बॅटरीच्या हिशेबात सारखंच. बॅटरी घाटाने खाल्ली नव्हती, वाऱ्याने खाल्ली होती.

वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ११० ऐवजी ८० ने गेलं तर दर किलोमीटरला वारा कापायला लागणारी ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. मोटरसायकल दिसायला सडपातळ असली तरी वाऱ्याच्या दृष्टीने ओबडधोबड असते. उघडा माणूस, हँडल, गुडघे, आरसे, सगळंच वाऱ्यात. पेट्रोल गाडीलाही हा दंड बसतोच, पण तिच्याकडे श्रीमंती इतकी की तो जाणवत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. पंधरा लिटरच्या टाकीत १३० च्या वर. इंजिन त्यातली तीन-चतुर्थांश उष्णतेत घालवतं, तरी चाकापर्यंत तीसेक पोचते. त्याच्या गाडीत मोटर जवळपास सगळी ऊर्जा कामी लावते, पण मुळातली शिदोरीच साडेबाराची. आम्ही आमच्या श्रीमंतीच्या चालीने चाललो आणि त्यालाही त्याच चालीने ओढलं.

त्या दिवशी पायथ्याच्या एका वर्कशॉपमध्ये प्लग मिळाला. गाडीतला चार्जर ३ किलोवॉटचा. दोन तास वीस मिनिटं अकरा माणसं सावलीत बसून राहिली. कोणी भांडलं नाही, पण कोणी त्याच्याशी बोललंही नाही. मला ते जास्त लागलं.

आवाज नाही म्हणजे मागे कोणी नाही

खरी भीती पुढे होती. वर जाताना एक आणि उतरताना एक, असे दोन प्रसंग थोडक्यात निभावले.

चढताना आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्याच्या पुढे होते. एका वळणाआधी त्यांना वाटलं की तो मागे राहिला आहे. म्हणून वेग कमी करून त्यांनी गाडी रस्त्याच्या मधून कडेला घेतली. तो नेमका त्याच कडेला, पंधरा फुटांवर होता. त्याने मागचा ब्रेक दाबला, चाक थोडं घसरलं, सावरलं. काका वरच्या थांब्यावर थरथरत होते. म्हणाले, "अरे, मागे आवाजच नव्हता. आवाज नाही म्हणजे मागे कोणी नाही, हे चाळीस वर्षं माझ्या पाठीला माहीत आहे."

त्यांचं हे बोलणं मी पुन्हा पुन्हा आठवतो. ग्रुपमध्ये चालवताना आरसा असतोच, पण घाटात नजर पुढच्या वळणावर असते आणि मागची खबर कान देतात. मागच्याने गिअर पाडला, त्याचं इंजिन चढलं, तो जवळ आला, आता मागे पडला, हे सगळं न बघता कळतं. आम्ही हाताच्या खुणा शिकवतो, तिरकी रांग शिकवतो, दोन सेकंदांचं अंतर शिकवतो. पण कानाने चालवायचं आम्ही कधी कोणाला शिकवलं नाही, कारण तो आमचा नियम आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. एक गाडी आवाज न करता आली तेव्हा तो नियम दिसला.

उतरतानाचा प्रसंग उलट्या बाजूचा. ॲक्सिलरेटर सोडला की त्याची मोटर जनरेटर होते आणि उतारावरची ऊर्जा बॅटरीत परत जाते. हे रिजन त्याने पूर्ण ठेवलं होतं, आणि बॅटरीची ओढाताण पाहता ते साहजिकच होतं. पण पूर्ण रिजनमध्ये ॲक्सिलरेटर सोडताच गाडी जी आवळली जाते, ती तिसऱ्या गिअरमधल्या इंजिन ब्रेकिंगपेक्षा कितीतरी जोरात. काही गाड्यांमध्ये अशा वेळी ब्रेक लाइट आपोआप लागतो. त्याच्या गाडीत तो फक्त ब्रेक दाबल्यावरच लागत होता. मागच्या रायडरला ना लाल दिवा दिसला, ना इंजिनाचा उतरता सूर ऐकू आला. त्याच्या पुढच्या चाकात आणि याच्या नंबर प्लेटमध्ये हातभर अंतर उरलं.

रिझर्व्हला आलेल्या गाडीसाठी थांबण्याची सवय प्रत्येक ग्रुपला असते. या दोन गोष्टींची नव्हती.

बैठक

पुढच्या आठवड्यात बसलो. मागणी सरळ होती, त्याने वेगळं फिरावं. युक्तिवाद मात्र तीन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून येत होते, आणि ती सोडवण्यातच संध्याकाळ गेली.

पहिलं म्हणणं, ही मोटरसायकलच नाही. यावर मला फार वेळ घालवायचा नव्हता. बॅटरीवर चालणाऱ्या, मागच्या चाकात मोटर बसवलेल्या दुचाकीचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याला १८९५ सालीच मिळालं होतं. डाइमलरची पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी १८८५ ची. दोघींच्या वयात दहा वर्षांचं अंतर. नवी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणणं, हिच्यात दम नाही. इथे दोन्ही बाजूंनी पुरावे निघाले. एका तरुण सदस्याने अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरावरच्या शर्यतीची गोष्ट काढली. वीस किलोमीटरची ती चढाई ४,३०० मीटर उंचीवर संपते. २०१३ साली तिथे कार्लिन डन याने लाइटनिंग या कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीवर सगळ्या पेट्रोल मोटरसायकलींपेक्षा कमी वेळ नोंदवला. वर हवा विरळ होत जाते तसं इंजिनाचं बळ उतरतं. मोटरला हवा लागतच नाही. आइल ऑफ मॅन या बेटावरच्या मोटरसायकल शर्यतीत २०१९ साली मायकेल रटर याने इलेक्ट्रिक गाडीवर एका फेरीला ताशी सुमारे १९६ किलोमीटरचा सरासरी वेग राखला. त्यावर दुसऱ्याने सांगितलं की त्या शर्यती एकाच फेरीच्या होत्या, आणि २०१९ साली सुरू झालेली मोटो-ई ही इलेक्ट्रिक मोटरसायकलींची शर्यत-मालिका २०२५ च्या हंगामानंतर थांबवली गेली. दोघंही खरं बोलत होते. ताकद आहे, शिदोरी कमी आहे. आमच्या पायथ्याच्या ११ टक्क्यांनीही तेच सांगितलं होतं.

तिसरं म्हणणं आवाजाचं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नव्हतं. "लोकांना आवाज ऐकू येतो म्हणून आपण जिवंत आहोत," हे प्रत्येक जुन्या रायडरच्या तोंडी असतं. मी यावर वाचलं. मोटरसायकल अपघातांचा एक फार खोल अभ्यास हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिसमध्ये केला, १९८१ साली अहवाल आला. जवळपास नऊशे अपघातांची त्यांनी जागेवर जाऊन तपासणी केली. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी दोन-तृतीयांशांत त्या चालकाने मोटरसायकलची वाट अडवली होती. आडवा येणारा बहुतेक वेळा समोरच्या बाजूने येतो, आणि सायलेन्सरचं तोंड मागे असतं. त्याने काच वर केलेली असली तर आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचण्याची खात्री नसते. म्हणजे बाहेरच्या वाहनांपासून वाचवणारी ढाल म्हणून आवाजाची किंमत आपण समजतो तेवढी नाही. पण आपापसात, ग्रुपच्या आत, ती आपण समजतो त्याहून जास्त आहे. काकांची पाठ खोटं सांगत नव्हती.

आणि आवाजावर प्रेम असतं, हेही मी त्या बैठकीत मोठ्याने म्हणालो. ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडर व्ही आकारात बसवलेल्या इंजिनात, एका ठिणगीपासून दुसरीपर्यंत क्रँक ३१५ अंश फिरतो आणि पुढच्या ठिणगीपर्यंत ४०५. त्या असमान अंतरातून तो लंगडत धावणारा ठेका येतो. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ साली तो ठेका आपल्या नावावर नोंदवून मागितला होता, पुढे २००० साली अर्ज मागे घेतला. त्याच कंपनीने २०१९ साली लाइव्हवायर ही इलेक्ट्रिक गाडी बाजारात आणली. मला यात कोणाची फितुरी दिसत नाही. पण ज्याने त्या ठेक्यावर तारुण्य काढलं त्याला काय वाटतं, ते मला समजतं. माझंही तारुण्य एका सिंगल सिलिंडरच्या धडधडीवर गेलं.

बैठकीच्या शेवटी काका बोलले. त्यांनी आमच्या निम्म्या गाड्यांचे कार्ब्युरेटर कानाने लावले आहेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "त्या गाडीत मला हात घालायला जागाच नाही. उद्या सगळ्यांनी तीच घेतली तर मी इथे कशाला येऊ?"

मला वाटतं विरोधाचं मूळ तिथे होतं. टॅपेटची फट, प्लगचा रंग, चोक किती ओढायचा, थंडीत किती किक मारायच्या, ही विद्या वर्षानुवर्षं हाताने हाताला दिलेली आहे. समोर आलेली गाडी न बोलता सांगते की तुझ्या विद्येचं मला काम नाही. ते ऐकून माणूस रागावतो, आणि राग गाडीवाल्यावर निघतो.

मग तो स्वतः बोलला. मनगटाबद्दल. दोन वाक्यांत सांगून थांबला. खोलीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी हे आधी सांगायला हवं होतं का, हा प्रश्न मला अजून सतावतो. त्याचं गुपित होतं म्हणून मी गप्प राहिलो, पण कॅप्टन म्हणून त्या गाडीला जुळेल असा आराखडा तर मी गुपित न फोडताही करू शकलो असतो.

काय बदललं

त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, माझ्या लगेच मागे. कमी दमाची गाडी लीडच्या मागे ठेवायची ही जुनीच पद्धत. तो कुठे आहे हे पाहायची जबाबदारी एकट्या माझ्यावर आली आणि माझ्या आरशाचं काम ठरलं. पुढच्याने दर वळणाआधी मागच्याला आरशात पाहायचं, दिसला नाही तर लाइन बदलायची नाही, हा नियम आता सगळ्यांना आहे. त्याचा फायदा पेट्रोलवाल्यांनाही झाला, कारण ताशी शंभरच्या पुढे हेल्मेटमधल्या वाऱ्यात मागचं इंजिन तसंही नीट ऐकू येत नाही.

रिजनचं उत्तर त्यानेच शोधलं. ग्रुपमध्ये असताना रिजन कमी, आणि ॲक्सिलरेटर सोडण्याआधी ब्रेकच्या लिव्हरला बोट नुसतं टेकवायचं, पॅड डिस्कला लागायच्या आत दिवा लागतो. रिकाम्या मैदानात त्याने ते दोन तास घोटलं. यू-टर्नही घोटले, कारण अर्धा क्लच सोडून तोल सांभाळायची आमची युक्ती त्याच्याकडे नाही. त्याला मागचा ब्रेक हलका धरून त्यावर मोटर ओढावी लागते. जे कसब हिच्यात नाही म्हणून आम्ही म्हणत होतो, त्याची जागा दुसऱ्या कसबाने घेतली होती आणि ते कमवायला त्याला घाम गाळावा लागला. मैदानाच्या कडेला उभे राहून आमच्यातल्या तिघांनी ते पाहिलं. माझ्या दहा युक्तिवादांनी जे झालं नसतं ते त्या दोन तासांनी झालं.

दीड महिन्याने तोच रस्ता पुन्हा घेतला. सरळ रस्त्यावर वेग ताशी ८५. घाटाच्या पायथ्याशी त्याच्याकडे ४४ टक्के होते, माथ्यावर ३२. वर आम्ही तासभर थांबतोच, तेवढ्यात ३ युनिट भरले. आमच्या थांब्याआधी तिथे प्लग मोकळा आहे का, हे फोन करून विचारायचं, एवढंच नवं काम. उतारावर खर्च जवळजवळ नाहीच. तो घरी पोचला तेव्हा बॅटरी संपत आली होती. एका बाजूच्या प्रवासाला आम्हाला अठरा मिनिटं जास्त लागली. पहिल्या वेळी दोन तास वीस मिनिटं गेली होती.

त्या थांब्यावर काकांनी चावी मागितली. हळूहळू एक चक्कर मारून आले, उतरले, मागच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "बेअरिंग बोलतंय." आमच्या गाड्यांत हा आवाज ऐकायचा तर उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडावी लागते. इंजिन चालू असलं की बाकी सगळं त्याखाली दबतं. हिच्यात दाबायला काहीच नाही. चेनचा ताण, पॅडचं घासणं, बेअरिंगची घरघर, टायरचा पोत बदलला तरी सूर बदलतो. चाक उचलून फिरवलं तेव्हा मलाही हाताला बारीक खरखर लागली. पुढच्या आठवड्यात त्या दोघांनी मिळून बेअरिंग बदललं. काका आता त्याची गाडी दर महिन्याला ऐकायला बोलावतात.

सगळं मिटलं असं नाही. दोन सदस्य बारावी गाडी असली की येत नाहीत. त्यांना ८५ चा वेग नको आहे आणि त्यांच्यावर तो लादणं मला योग्य वाटत नाही, म्हणून महिन्यातली एक राइड जुन्या वेगाची ठेवली आहे. दिवसाला साडेचारशे किलोमीटरच्या लांब राइडवर तो आमच्याबरोबर नसतो, फास्ट चार्जर गाठत आपला आपण निघतो आणि मुक्कामी भेटतो. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, म्हणून तो ८० वर सोडतो आणि जास्त वेळा थांबतो. ग्रुपची मजा त्यात नाही, हे तो मान्य करतो.

आराखड्याच्या कागदावर आता टाकीच्या रकान्याशेजारी बॅटरीचा रकाना आहे. परवा आणखी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं की त्याचा गुडघा किक मारायला साथ देत नाही, तर त्या रकान्यात अजून एक नाव बसेल का. मी कागद त्याच्या हातात दिला.